टेन्शन या एका शब्दाआड

आज मराठीत सर्वांत जास्त राबणारा इंग्रजी शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी ‘टेन्शन’ असे उत्तर देईन. मुलाची पीएसएलई जवळ आली की टेन्शन, एम्प्लॉयमेंट पासच्या नूतनीकरणाचे दिवस आले की टेन्शन, पुण्याहून आईचा फोन नेहमीच्या वेळेला आला नाही तरी टेन्शन. हा शब्द इतका सोयीचा आहे की त्यात चार दिवसांची काळजीही मावते आणि चार वर्षांचा आजारही मावतो. अडचण नेमकी तिथेच आहे. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि दोन्हींवर एकच उपाय सुचवला जातो: ‘टेन्शन घेऊ नकोस.’

हे फक्त आपल्यासारख्या शहरी, शिकलेल्या लोकांचेच आहे असे नाही. गोव्यात १९९६ मध्ये ‘संगाथ’ ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी गोव्याच्या आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साध्या रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ‘मी उदास आहे’ असे म्हणत तिथे कोणी येत नाही. अंग मोडून येते, डोके जड होते, भूक नाही, झोप नाही, छातीत धडधडते, अशा तक्रारी असतात. थोडे खोदून विचारले की मग तोच शब्द बाहेर येतो, टेन्शन. डॉक्टरांच्या भाषेत या गटाला ‘सामान्य मनोविकार’ म्हणतात. इथे ‘सामान्य’ म्हणजे किरकोळ नव्हे, तर सर्रास आढळणारे. नैराश्य आणि चिंतेचे निरनिराळे विकार त्यात येतात.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. माझ्या नावामागे ‘डॉ.’ लागते ते अभियांत्रिकीतल्या प्रबंधामुळे. विमानात कोणाला चक्कर आली तर त्या उपाधीचा काडीचा उपयोग नाही. पण गेली काही वर्षे मित्रमंडळींत, नात्यात आणि कार्यालयात या आजारांशी इतका जवळून संबंध आला की वाचल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. जे वाचले, तज्ज्ञांना विचारून घेतले, ते आपल्या भाषेत मांडावे एवढाच हेतू. कोणीही हा लेख वाचून स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे निदान करू नये. फार तर डॉक्टरकडे केव्हा जावे, एवढे ठरवावे.

आधी हा प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. सिंगापूरमध्ये २०१० आणि २०१६ अशा दोन मोठ्या पाहण्या झाल्या. २०१६ च्या पाहणीत असे दिसले की दर सातांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ, दारूचे व्यसन यांपैकी एखादा विकार झालेला होता. एकट्या नैराश्याचे प्रमाण ६.३ टक्के होते. आजार झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी कोणाचीच मदत घेतली नव्हती. माझ्या मते खरी बातमी ही आहे, पहिला आकडा नव्हे. आणि आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. या पाहणीत नागरिक आणि कायम रहिवासी धरले होते. एम्प्लॉयमेंट पासवर आलेले आणि त्यांच्यासोबत डिपेंडंट पासवर आलेले लोक या हिशेबात नाहीतच. म्हणजे आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे कोणत्याच आकड्यात नाहीत.

आता एकेक आजार पाहू. नैराश्यापासून सुरुवात करतो.

उदास होणे हा आजार नाही. घरात कोणी गेले, नोकरी गेली, तर माणूस उदास होणारच. तसा तो झाला नाही तरच काळजी करावी. वैद्यकात नैराश्याचे निदान करताना नऊ लक्षणे पाहतात: मन सतत खिन्न असणे, ज्यात पूर्वी गोडी होती त्यात गोडी न वाटणे, भूक किंवा वजन बदलणे, झोप उडणे किंवा अतिझोप, हालचाली मंदावणे किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, सतत थकवा, आपण कुचकामी आहोत, आपलेच चुकले असे वाटणे, लक्ष न लागणे, निर्णय न होणे, आणि मरणाचे विचार. यांपैकी निदान पाच लक्षणे, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक तरी, सलग दोन आठवडे जवळजवळ रोज असली आणि त्यामुळे रोजचे काम अडू लागले, तर त्याला आजार म्हणतात. जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली याच लक्षणांवर आधारलेली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक आले तर डॉक्टरांना भेटावे असा संकेत आहे. ती मराठीतही मिळते.

यातली दुसऱ्या क्रमांकाची खूण माझ्या मते आपल्या लोकांत सर्वांत उपयोगी. कारण आपल्यातला माणूस ‘मी खिन्न आहे’ असे कबूल करणार नाही, पण दर शनिवारी क्रिकेट खेळायला येणारा मनुष्य दोन महिने आला नाही, पेटी वाजवणाऱ्या काकूंनी पेटीला हात लावला नाही, हे बाहेरच्याला दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे चिडचिड. पुरुषांत नैराश्य बऱ्याचदा अश्रूंच्या नव्हे, रागाच्या रूपाने दिसते. किंवा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या बाटलीच्या रूपाने, जी हळूहळू गुरुवारी, मग बुधवारी सुरू होते.

हे होते कशाने? एक कारण नसते. काही भाग आनुवंशिक असतो, काही आयुष्यातले आघात, काही सध्याची परिस्थिती. आपल्या परिस्थितीबद्दल चार शब्द सांगायला हवेत. इथे येणाऱ्या कित्येक घरांत दोघेही उच्चशिक्षित असतात आणि नोकरीचा पास एकाचाच असतो. पूर्वी डिपेंडंट पासवरच्या जोडीदाराला संमतिपत्रावर नोकरी करता येत असे. मे २०२१ पासून त्यासाठी स्वतःचा वेगळा पास लागतो. त्यामुळे दहा वर्षे पुण्यात टीम सांभाळलेली एखादी बाई कोंडोच्या सतराव्या मजल्यावर दुपारी एकटी असते. ‘सगळं तर आहे, मग हिला कमी काय?’ हा प्रश्न तिला नागपूरहूनही विचारला जातो आणि बहुधा ती स्वतःलाही विचारते. सगळे असताना आजार झाला, याचा अपराधीपणा हा त्या आजाराचाच भाग आहे, हे कोणी तिला सांगत नाही.

बाळंतपणाचेही तसेच. भारतातून आई किंवा सासूबाई येतात, तीन-चार महिने राहतात आणि परततात. बाळंतपणानंतर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे हे बहुतेक बायकांना होते आणि आपोआप जाते. पण ते दोन आठवड्यांच्या पुढे टिकले, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येईना, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. साधारण दहांतल्या एकीला तो होतो. इथल्या केके रुग्णालयात त्यासाठी खास सेवा आहे. परतीचे तिकीट काढण्यापूर्वी आजीने एवढे पाहून जावे.

एक सूचना मात्र आपल्या शाकाहारी मंडळींसाठी. थायरॉइड मंदावणे, रक्तातले हिमोग्लोबिन कमी होणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही थकवा, उदासी, विसराळूपणा येतो. त्यामुळे चांगला डॉक्टर आधी रक्त तपासतो. तपासणीत काही सापडले तर उत्तमच, पण काही सापडले नाही म्हणजे ‘काहीच झालेले नाही’ असा अर्थ होत नाही.

आता चिंता. चिंतेचा एक प्रकार सतत मंद आचेवर असतो. सहा महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारणारी काळजी. खांदे-मान आखडलेली, झोप तुटक. अशा माणसाला घरचे ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देतात.

दुसरा प्रकार अचानक येतो. त्याला भीतीचा झटका म्हणू. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची हकिकत त्याच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. वय अडतीस, प्रकृती ठणठणीत. एका सकाळी सर्कल लाइनच्या गच्च भरलेल्या डब्यात त्याच्या छातीत जोरात धडधडू लागले, हाताला मुंग्या आल्या, श्वास अपुरा पडू लागला आणि आपण आता मरणार अशी खात्रीच वाटली. रुग्णालयात नेले, हृदयाचा आलेख व्यवस्थित, रक्त व्यवस्थित. चार महिन्यांत असे तीनदा झाले. तिन्ही वेळा त्याला सांगण्यात आले की काही नाही. ‘काही नाही’ म्हणजे ‘हृदयाला काही नाही’. पण त्याने ऐकले ते असे की ‘या लोकांना काही सापडत नाही’. त्याने एमआरटी सोडली, मग गर्दीची दुकाने, मग पुलावरून गाडीने जाणेही. शेवटी घराखालच्या दवाखान्यातल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी त्याला वीस मिनिटे बसवून कागदावर चित्र काढून समजावले.

ते चित्र माझ्यासारख्या अभियंत्याला ओळखीचे वाटले. मंडळाच्या कार्यक्रमात वक्त्याने माइक घेऊन स्पीकरसमोर यावे आणि कान फाडणारी शिटी वाजावी, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. स्पीकरचा बारीकसा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. माइक बिघडलेला नसतो, स्पीकरही बिघडलेला नसतो. बिघडलेले असते ते त्यांचे वर्तुळ. भीतीच्या झटक्यात हेच होते. काही कारणाने हृदय जरा जोरात धडकते. मन त्याचा अर्थ ‘हार्ट अॅटॅक’ असा लावते. घाबरल्यावर अॅड्रिनलिन स्रवते, हृदय आणखी धडधडते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरते. त्याचाही अर्थ तोच लावला जातो. दहाएक मिनिटांत झटका शिखर गाठतो आणि मग आपोआप उतरतो, कारण शरीर त्या वेगाने फार काळ धावू शकत नाही. जीव जात नाही. पण तो पुन्हा येईल या धास्तीने माणूस एकेक जागा टाळू लागतो आणि टाळल्यामुळे ती जागा खरोखरच धोक्याची होती असा मनाचा ग्रह पक्का होतो. हे दुसरे वर्तुळ पहिल्याहून वाईट.

माझ्या मित्राचा उपचार त्या दुसऱ्या वर्तुळावर झाला. काही महिने औषध आणि दहा-बारा बैठका. त्याने पहिल्या आठवड्यात बिशान ते लोराँग चुआन एवढा एकाच स्थानकाचा प्रवास केला, धडधड झाली तरी मध्ये न उतरता. पुढच्या आठवड्यात सेरांगूनपर्यंत. आज तो रोज त्याच गाडीने जातो. मात्र एक सांगून ठेवतो: छातीत पहिल्यांदाच दुखले तर ते मनाचे आहे असे स्वतःच ठरवू नका. आपल्या भारतीय लोकांत हृदयविकार तरुणपणी येतो. आधी ९९५ ला फोन, मग बाकीचे.

ज्याला इंग्रजीत ओसीडी म्हणतात त्याला मराठीत ‘मंत्रचळ’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. एकच विचार मनात घुसतो, नकोसा असतो, जात नाही. तो शमवण्यासाठी एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. हात धुणे, गॅस बंद आहे का ते पाहणे, मोजणे, मनातल्या मनात काही म्हणणे. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर हा बाहेर पडण्याची अट कधीच पुरी न होणारा लूप आहे. कुलूप लागलेले डोळ्यांना दिसते, पण ‘झाले’ हा संकेत मेंदूत उमटत नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या घरांत हा आजार दिसून येत नाही, धार्मिकपणात खपून जातो. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. रीत पाळणाऱ्याला ती पाळून समाधान मिळते. मंत्रचळ असलेल्याला सुटका हवी असते, आणि रोजचा तास-तास, कधी त्याहून जास्त, त्यात जातो. सिंगापूरच्या २०१६ च्या पाहणीत आयुष्यात कधीतरी मंत्रचळ झालेल्यांचे प्रमाण ३.६ टक्के होते, आणि आजार सुरू झाल्यापासून मदत घेईपर्यंत गेलेला काळ सर्वसाधारणपणे अकरा वर्षे. अकरा वर्षे! शाळकरी मुलगा पदवीधर होतो एवढ्या काळात. आणि यावर चांगला उपचार आहे: भीती वाटणारी गोष्ट समोर आणायची आणि ती कृती मात्र करायची नाही, असा थोडाथोडा, देखरेखीखालचा सराव, सोबत औषध.

नैराश्य आणि चिंता यांपलीकडचे दोन आजार थोडक्यात सांगतो. बायपोलरमध्ये नैराश्याचे काळ आणि त्याच्या उलट अतिउत्साहाचे काळ येतात. झोपेची गरज वाटत नाही, पैसा उधळला जातो, मोठमोठे बेत केले जातात. हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण याचे औषध वेगळे असते आणि नुसत्या नैराश्याची गोळी दिल्यास उधाण वाढू शकते. दुसरा छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया. न बोललेले आवाज ऐकू येणे, कोणी मागावर आहे अशी ठाम समजूत. हा ‘सामान्य’ गटातला नाही, पण त्याविषयी बोलताना परदेशातल्या एका मराठी माणसाचे नाव घ्यायलाच हवे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते; विषय संख्याशास्त्र, म्हणजे माझ्याप्रमाणेच औषधे देणारे डॉक्टर नव्हेत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. त्याविषयी लिहिले, बोलले, आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट निघाला त्यामागेही ते होते. त्यात अतुल कुलकर्णी यांनी केलेला शेष ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. याच जोडीचा ‘कासव’ नैराश्यावर आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

आता उपचार. आधी गोळ्यांबद्दल, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

नैराश्य आणि चिंता या दोन्हींसाठी आज प्रथम जी औषधे देतात ती मेंदूतल्या सिरोटोनिन या द्रव्याच्या वहनावर परिणाम करतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम ही त्यांतली परिचित नावे. ती नेमकी कशी गुण देतात यावर अजून वाद आहे. ‘मेंदूतले रसायन कमी पडले, ते गोळीने भरले’ हे स्पष्टीकरण फार ढोबळ आहे. पण पुष्कळांना गुण येतो, हे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो: मळमळ, डोके दुखणे, झोप बिघडणे, कधी अस्वस्थता वाढणे. म्हणजे आधी त्रास आणि मग फायदा. आपला माणूस दहाव्या दिवशी गोळी टाकून देतो आणि ‘मला औषध लागू पडत नाही’ असे जाहीर करतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावे. कामेच्छेवरही परिणाम होतो. तो लाजून लपवू नये, डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्यास गरगरणे, चिडचिड असा त्रास होतो.

सवय लागण्याची भीती ज्या गोळ्यांमुळे पसरली त्या वेगळ्या: अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे. त्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणूनच त्यांची चटक लागते; थोड्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या असतात. गावाकडच्या ओळखीच्या केमिस्टकडून अशा पट्ट्या आणून इथे वर्षानुवर्षे घेणारे लोक मला ठाऊक आहेत. अशा काही औषधांना सिंगापूरमध्ये आणण्यापूर्वी आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची, म्हणजे एचएसएची परवानगी लागते, हेही त्यांपैकी अनेकांना माहीत नसते. बॅग भरण्याआधी यादी पाहून घ्यावी आणि डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे.

गोळ्यांइतकाच महत्त्वाचा उपचार बोलण्याचा. ‘नुसतं बोलून काय होणार?’ हा आपला ठरलेला प्रश्न. मनाला उपदेश करण्याची आपली परंपरा मोठी आहे; समर्थांनी तर मनालाच उद्देशून २०५ श्लोक लिहिले. पण या उपचारात उपदेश नसतोच. अॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस या दोन अमेरिकनांनी गेल्या शतकाच्या मध्यावर जी पद्धत घडवली तिच्यात रुग्ण आणि उपचारक मिळून विचार तपासतात. ‘साहेबांनी माझ्या मेलला उत्तर दिले नाही’ ही घटना, ‘माझी नोकरी जाणार’ हा अर्थ, ‘पोटात गोळा’ ही भावना, ‘रात्री दोनपर्यंत काम’ ही कृती, असे सुटे सुटे करून लिहायचे आणि मधल्या अर्थाला पुरावा काय ते विचारायचे. आम्ही प्रोग्रॅममधली चूक शोधतो ती जवळपास याच रीतीने. एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर मराठीत भरपूर लेखन झाले आहे, आणि ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने ती पुष्कळ घरांपर्यंत पोचवली.

दुसरी पद्धत त्याहून साधी. नैराश्यात माणूस म्हणतो, बरे वाटले की फिरायला जाईन. ही पद्धत म्हणते, आधी दहा मिनिटे चाला, वाटणे मागून येईल. रोजचे छोटे काम ठरवायचे, करायचे, त्यानंतर मन कसे होते ते टिपायचे. गोव्यात याचीच कसोटी झाली. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नव्हतेच, म्हणून स्थानिक, पूर्वी या विषयाचे शिक्षण नसलेल्या व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. ‘मानस’ नावाच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनंतर बरे झालेल्यांचे प्रमाण या पद्धतीने सुमारे ६६ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने सुमारे ४२-४३ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. मला वाटते, तिथला फॅमिली डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो आणि दोन शब्द बोलतो, म्हणून आधीच बरे चालले होते. पुढच्या चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांना अशाच समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या, आणि त्यांनाही स्पष्ट फायदा झाला. नंतर अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत ‘विश्राम’ या कार्यक्रमात असेच काम झाले. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर गेले. जे अमरावतीच्या शेतकऱ्याला जमले ते बुकित तिमाहला राहणाऱ्या माणसाला जड का जावे?

जड जाते ते नावामुळे. पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ आणि मुंबईकडे ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. सिंगापूरमध्ये तेच काम ‘वुडब्रिज’ हा शब्द करतो. यिओ चू कांग रस्त्यावर १९२८ साली मनोरुग्णालय सुरू झाले, १९५१ मध्ये त्याला वुडब्रिज हे नाव मिळाले. लाकडी पूल! पुणेकरांना हे नाव ऐकून घरच्यासारखे वाटायला हरकत नव्हती. १९९३ मध्ये ते बुआंगकोकला नव्या इमारतीत गेले. आता ती इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ आहे. पण नैराश्य किंवा चिंता यांसाठी थेट तिथेच जावे लागते असे नाही. घराजवळचा जीपी किंवा पॉलिक्लिनिक ही पहिली पायरी. अनेक पॉलिक्लिनिकांत मानसिक आजारांची सोय आहे. नागरिक आणि कायम रहिवासी यांना पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीवर तज्ज्ञाकडे सवलतीचा दर मिळतो. नैराश्य, चिंताविकार, बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया यांच्या बाह्योपचारासाठी मेडिसेव्हही वापरता येते. पासवरच्या लोकांना पूर्ण खर्च पडतो. कंपनीच्या विम्यात हे आजार धरले आहेत का, आणि दाव्याचे कागद कोणाच्या हाती जातात, हे आधीच विचारून घ्यावे. सोळा ते तीस वयाच्या मुलांसाठी ‘चॅट’ ही वेगळी सेवा आहे, आणि शाळांत समुपदेशक असतातच.

‘पण नोकरी?’ हा खरा प्रश्न, कारण नोकरी गेली की पास जातो आणि पास गेला की मुलांची शाळाही. डॉक्टर रुग्णाची माहिती कंपनीला कळवत नाहीत. जानेवारी २०२० पासून इथल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोकरीच्या अर्जात मानसिक आजाराची विचारणा करू नये असे ठरले आहे. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने कार्यस्थळावरील न्याय्य वागणुकीचा कायदा मंजूर केला, त्यात मानसिक आजारावरून भेदभाव करण्यास मनाई आहे; अंमलबजावणीपूर्वी कंपन्यांना तयारीला मुदत दिली आहे. कागदावरचा कायदा आणि साहेबाचा चेहरा यांत अंतर असते, हे मी नाकारत नाही. पण उपचार न घेता खालावत जाणारे काम साहेबाला दिसतेच, आणि ते कोणत्याही कायद्याने झाकता येत नाही.

आत्महत्येबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही; उलट, कोणीतरी विचारले याने माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातल्या गोळ्या बाजूला कराव्यात आणि त्याच दिवशी मदत गाठावी. समॅरिटन्स ऑफ सिंगापूरचा १७६७ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. २०२५ पासून १७७१ ही राष्ट्रीय सेवाही चोवीस तास आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा सिंगापूरमध्ये १ जानेवारी २०२० पासून गुन्हा राहिलेला नाही, तेव्हा पोलिसांच्या भीतीने फोन टाळू नये.

राहता राहिले मागे राहिलेले आईवडील. फोनवर ‘आम्ही मजेत’ हेच ऐकू येते. पण बाबा पेपर वाचेनासे झाले, आई दोन वेळा जेवत नाही, विसरायला लागली, असे शेजारी सांगत असतील तर ते म्हातारपण म्हणून सोडू नये. उतारवयातले नैराश्य कित्येकदा स्मृतिभ्रंशासारखे दिसते, आणि स्मृतिभ्रंशाच्या तुलनेत ते पुष्कळ बरे होण्याजोगे असते. भारत सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक त्यांच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवून या. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा फॅमिली डॉक्टरकडे त्यांच्यासोबत तुम्हीही आत जा. बाहेर बाकावर बसून राहू नका.